उंदराच्या डोक्यातील नकाशा

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतील धान्याचे दुकान असो की मार्केट यार्डातील गुळाचे गोदाम, रात्री दिवा लावताच उंदीर क्षणार्धात दिसेनासा होतो. त्याला वाट शोधावी लागत नाही. ती त्याला आधीच पाठ असते. पिंजरा लावूनही उंदीर सापडत नाही, या घरोघरच्या तक्रारीचे एक कारण हेच आहे.

उंदराची नजर अधू असते. अंधारात त्याची भिस्त वासावर आणि मिशांवर असते. सेकंदाला अनेक वेळा पुढे-मागे हलणाऱ्या मिशा भिंत व फट चाचपतात. म्हणूनच तो मोकळ्या जागेपेक्षा भिंतीची कड धरून धावणे पसंत करतो. नवी जागा तो बिळापासून हप्त्याहप्त्याने पाहतो. जाताना थबकत, हुंगत जातो आणि परतताना मात्र सुसाट, जवळच्या वाटेने येतो.

हे कसे साधते? उंदीर केवळ वळणे पाठ करीत नाही, तर मनात परिसराचा नकाशा तयार करतो, असे मत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ मध्ये मांडले. विशिष्ट जागी पोहोचताच उद्दीपित होणाऱ्या पेशी उंदराच्या मेंदूत जॉन ओकीफ यांना आढळल्या. ते संशोधन १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. अंतर व दिशेची जणू जाळीच आखणाऱ्या पेशींचा शोध मे-ब्रिट व एडवर्ड मोझर यांनी २००५ मध्ये लावला. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या मेंदूतही अशी यंत्रणा आहे. स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर विकारात हा भाग लवकर बाधित होतो. रुग्ण ओळखीच्या रस्त्यावर चुकतो, त्यामागे हेही कारण असते.

नकाशा पक्का असल्याने त्यातील नवी वस्तू उंदराला तत्काळ खटकते. त्यामुळे पिंजरा खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत, त्याच्या वाटेवर ठेवावा. पहिले काही दिवस खाद्य ठेवून दार उघडेच राहू द्यावे. तो निर्धास्त झाला की मगच चाप लावावा. जागा रोज बदलू नये.

पंचगंगेला २०१९ व २०२१ प्रमाणे महापूर आला की बिळांत पाणी शिरते आणि उंदीर कोरड्या जागेच्या शोधात निघतात. त्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका संभवतो. अशा वेळी भिंतींतील फटी बुजवणे आणि धान्य झाकून ठेवणे अगत्याचे आहे. उंदराच्या नव्या नकाशात आपल्या घराची नोंद होण्यापूर्वीच हे झालेले बरे.