आपत्तीनंतरचा सहावा महिना : चर्चच्या वर्गणीतून काय शिकावं?

आज आपण दानाविषयी बोलणार आहोत. सणावाराच्या दानाविषयी नाही, तर पूर, दुष्काळ किंवा भूकंपात मोडलेलं गाव पुन्हा उभं राहायला जे दान लागतं, त्याविषयी.

ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर सगळ्यांच्या लक्षात आहे. अशा वेळी पहिले पंधरा दिवस मदत येते. पाणी, बिस्किटं, चादरी, साड्या येतात. मग गाड्या थांबतात. पण खरी नड लागते सहाव्या महिन्यात. दावणीची म्हैस गेलेली असते, शिलाई मशीन गंजलेलं असतं, बियाण्याला पैसा नसतो आणि कर्जाचा हप्ता मात्र दारात उभा असतो. मग बाई मंगळसूत्र गहाण टाकते, नाहीतर चढ्या व्याजाचं आणखी एक कर्ज काढते. पूर ओसरला तरी हे कर्ज ओसरत नाही.

या सहाव्या महिन्यातही मदत कशी पोहोचवायची, याचा जुना अनुभव चर्चच्या संस्थांकडे आहे. आपला धर्म कोणताही असो, त्यांची पैसा जमवायची आणि खर्चायची रीत आपल्या गटांनी समजून घेण्यासारखी आहे.

पैसा जमतो कसा?

चर्चमध्ये दर रविवारी उपासनेच्या वेळी प्रत्येकजण ऐपतीप्रमाणे काहीतरी देतो. त्याला अर्पण म्हणतात. कुणी दहा रुपये देतं, कुणी हजार. काही ठिकाणी सुगीला धान्य, भाजी, कोंबडी आणतात आणि त्याचा लिलाव करून पैसा जमवतात. मिझोराममध्ये बायका रोज स्वयंपाकाचा तांदूळ घेताना त्यातली एक मूठ चर्चसाठी बाजूला काढतात. ही रीत तिथे शंभर वर्षांहून जुनी आहे. ही मूठ सगळीच काही आपत्तीसाठी नसते. पण गरीब घरही रोज थोडं बाजूला काढू शकतं, हे त्यातून दिसतं.

अशा अर्पणातला काही वाटा आपत्तीच्या कामाला जातो. भारतात प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चची ‘कासा’ ही संस्था १९४७ मध्ये फाळणीच्या निर्वासितांना मदत करताना उभी राहिली. कॅथलिक चर्चची ‘कारितास इंडिया’ १९६२ पासून आहे. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात ती दरवर्षी देशभर निधी गोळा करते. म्हणजे आपत्ती आल्यावर पावतीपुस्तक घेऊन फिरायला सुरुवात होत नाही. काही पैसा आणि माणसं आधीच तयार असतात.

ऑफिसचा खर्च कुठून करायचा?

“आम्ही शंभर रुपये दिले, पण पूरग्रस्ताला किती पोहोचले?” हा प्रश्न आम्हाला बैठकांमध्ये नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चने १९४० मध्ये मदतकार्यासाठी एक संस्था काढली, तिचं नाव ‘अम्कॉर’. तिची पद्धत अशी, की वर्षातल्या एका रविवारचं अर्पण कार्यालय, पगार आणि प्रवास यांसाठी वेगळं गोळा करायचं. त्यामुळे एखाद्या आपत्तीच्या नावाने कुणी पैसे दिले, तर ते सगळेच्या सगळे त्या आपत्तीच्या कामाला लागतात. खर्च लपवायचा नाही, त्यासाठी उघडपणे वेगळी वर्गणी मागायची.

आपल्याजवळचं उदाहरण

दौंड तालुक्यातलं केडगाव. पंडिता रमाबाईंच्या मुली-विधवांसाठीच्या शाळेला दहा वर्षं मदत द्यायची, असं वचन अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दिलं होतं. त्यासाठी १८८७ मध्ये बोस्टनला एक असोसिएशन स्थापन झाली होती. ही मुदत संपल्यावर काय, याचा विचार करून रमाबाईंनी केडगावला शेतजमीन घेतली आणि फळझाडं लावली. पुढे १८९६-९७ चा मोठा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेल्या, निराधार अशा सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. प्लेगमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना. तेव्हा हीच जमीन कामी आली आणि तिथे ‘मुक्ती’ उभी राहिली.

तिथे नुसतं अन्नछत्र चाललं नाही. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम आणि छापखाना सुरू झाला. देशोदेशीच्या ख्रिस्ती मंडळींकडून आलेल्या देणग्यांतून मुली लिहायला-वाचायला आणि कमवायला शिकल्या. दुष्काळ संपल्यावरही काम चालू राहिलं.

मदतीला अट नको

दुसरी बाजूही सांगायला हवी. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या. त्यांच्याकडच्या अनेक जणींनीही तो धर्म घेतला आणि त्यावरून त्या काळी मोठा वाद झाला. अडलेल्या माणसाला मदत देताना धर्माचा आग्रह असावा का, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. १९९४ मध्ये रेडक्रॉस आणि इतर संस्थांनी मदतकार्याची दहा कलमांची आचारसंहिता तयार केली. त्यात कारितास, लुथरन आणि जागतिक चर्च परिषद या चर्चच्या संघटनाही होत्या. गरज पाहून मदत द्यायची, जात-धर्म पाहून नाही. मदतीचा वापर धर्म किंवा राजकारण पुढे रेटायला करायचा नाही. आणि हिशेब द्यायचा तो देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. उद्या तुमच्या गावात कुणीही मदत घेऊन आलं, मग ती संस्था असो, पक्ष असो की देवस्थान, तर या तीन गोष्टी जरूर विचारा.

आपल्या गटात काय करता येईल?

काही ग्रामसंघांना जोखीम निधी मिळतो. त्याला आपली भर घालता येईल. गटात १२ जणी आहेत आणि प्रत्येकीने महिन्याला १० रुपये जादा काढले, तर वर्षाला १,४४० रुपये होतात. ग्रामसंघात असे १५ गट असतील, तर २१,६०० रुपये. दोन वर्षांत ४३,२००. एवढ्यात काही घरांच्या बियाण्याची किंवा शेळीची सोय होते.

नियम मात्र संकटाच्या आधी लिहून ठेवा :

• हा पैसा कर्जवाटपात मिसळायचा नाही. त्याची वही वेगळी.
• निम्मा पैसा पहिल्या महिन्यात वापरायचा, निम्मा सहाव्या महिन्यासाठी राखायचा.
• आधी कुणाला? एकटी बाई, भूमिहीन घर, अपंग माणसाचं घर. गटाची सभासद नसली तरीही.
• वही, झेरॉक्स, बँकेत जाण्यायेण्याचा खर्च यांसाठी वर्षातून एकदा वेगळी वर्गणी.
• कुणाला किती दिलं, ते महिन्याच्या बैठकीत मोठ्याने वाचायचं.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. एकमत झालं, तर ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि पहिले दहा रुपये त्याच दिवशी जमा करा. तुमच्या गटाने काय ठरवलं, ते आपल्या केंद्राला जरूर कळवा.