जाहिरातीवरची फिल्म बघायला येताय? आधी फाळक्यांचा हिशोब बघून घ्या

'आर्ट अँड कॉपी' ही जाहिरातीवरची डॉक्युमेंट्री आपण नाशिकमध्ये आपल्या ग्रुपला मोफत दाखवतोय, हे व्हिडिओत सांगितलंच आहे. त्यावर एक प्रश्न आला, "सर, अमेरिकेतल्या मोठ्या एजन्सींची फिल्म बघून माझ्या मसाल्याच्या धंद्याला काय मिळणार?"

प्रश्न रास्त आहे. डग प्रे यांची ही २००९ ची फिल्म. त्यातल्या लोकांकडे बजेट होतं, तुमच्याकडे नाही. म्हणून आधी आपल्याच माणसाकडे बघू.

दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तुम्ही पाहिलं असेलच. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत चालला, मग ते तो घेऊन सुरतला गेले. पहिल्या दिवशीचा गल्ला किती? तीन रुपये!

कारण सोपं होतं. तिथला प्रेक्षक थोड्या पैशात कित्येक तास नाटक बघायचा. हा सिनेमा तासाभराचाही नाही. गिऱ्हाईक 'किती तास' या मापाने मोजत होतं आणि त्या मापात फाळके हरणारच होते.

आता बघा त्यांनी काय केलं. सिनेमा लांबवला नाही. जाहिरात दिली, की ५७,००० फोटो बघा, दोन मैल लांबीचं चित्र बघा, तेही मोजक्या आण्यांत! माल तोच, माप बदललं. गल्ला शेकड्यांत गेला.

मी हा हिशोब करून पाहिला. सिनेमाची लांबी सुमारे ३,७०० फूट आणि फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं. गुणाकार ५९,२०० येतो. म्हणजे ५७,००० ही थाप नव्हती, आकडा मालातच दडलेला होता. दोन मैल मात्र जरा जास्तच झालं हो! दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. ते त्या काळात खपलं. आज २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, तेव्हा तुम्ही ५७,००० वाले फाळके व्हा, दोन मैलवाले नको.

आता अमेरिकेतली फिल्म बघताना हेच शोधायचं. १९९३ ची 'गॉट मिल्क' मोहीम बघा. दूध चांगलं असतं हे कॅलिफोर्नियात सगळ्यांना माहीत होतं, तरी खप घसरत होता. म्हणून त्यांनी दुधाचे गुण सांगणं सोडलं आणि तोंडात कोरडा घास असताना घरातलं दूध संपलंय, तो क्षण दाखवला. इथेही दूध तेच.

तुमच्या मसाल्याच्या पाकिटावर काय लिहिलंय? '१०० ग्रॅम.' शेजारचा दोन रुपये कमी लावतो, विषय संपला. त्याच पाकिटात चार माणसांच्या किती भाज्या होतात? घरी करून मोजा. येईल तोच आकडा लिहा, एकही भाजी वाढवू नका. आणि वजन कायद्याने छापावंच लागतं, ते काढायचं नाही.

जाता जाता, तुमच्या सोसायटीत किंवा बचत गटात असा शो ठेवणार असाल, तर तिकीट नसलं तरी फिल्मच्या मालकाची परवानगी लागते. घरचं ओटीटी सबस्क्रिप्शन हॉलमध्ये चालत नाही.

येताना वही आणा आणि तुमच्या मालाचं एक पाकीट. फिल्म संपली की पाच-सहा पाकिटं घेऊन तिथेच मोजायला बसू.