मुरगाव ते पणजी, एका बाजूचे भाडे

मुंबईहून सुटलेली कोकण बोट थेट पणजीच्या धक्क्याला लागे. वळकटी हमालाच्या डोक्यावर दिली की बाजार दोन पावलांवर. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. तो ओलांडून आत येईल एवढ्याच मापाची ती बोट, आणि पावसाळ्यात तीही बंद. आताची क्रूझ जहाजे त्या मापात बसत नाहीत. १९९० साली बांधलेली ‘एम्प्रेस’ जगाच्या हिशेबाने जुनी आणि मध्यम आकाराची. तरी २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीने तिच्या मुंबई-गोवा फेऱ्या सुरू केल्या तेव्हा तिला मुरगावच गाठावे लागले. जहाज मोठे झाले तसे गावापासून लांब गेले. मधले तीसएक किलोमीटर आले टॅक्सीवाल्याच्या वाट्याला.

इतिहासाने थोडी वेगळी कूस बदलली असती तर हे भाडे कुणाला मिळालेच नसते. संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीने धास्तावलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने राजधानी मुरगावला हलवायचे ठरवले होते, कामही सुरू झाले होते. बेत बारगळला, राजधानी पुढे पणजीला गेली आणि मुरगावला राहिले ते मालाचे बंदर. रेल्वे आली, लोहखनिज आले, मग कोळसा. सुट्टीच्या कपड्यांतला प्रवासी आजही उतरतो तो क्रेन आणि मालवाहू धक्क्यांच्या शेजारी. अशा बंदरात मनाला येईल तिथून चालत बाहेर पडता येत नाही, आणि गाडी आत न्यायची तर परवाना लागतो.

म्हणून या धंद्यात गाडीपेक्षा रांगेतली जागा महत्त्वाची. ज्याचा नंबर आधी लागला त्याला दिवसभराचे भाडे, मागे राहिला त्याला जवळच्या वास्कोपर्यंतचा ड्रॉप. दिवसभर म्हणजे ठरलेले तास, ठरलेले किलोमीटर, वर जाईल त्याचे वेगळे. परदेशी पाहुणा बहुधा जुन्या गोव्याची चर्च, मंगेशी, फोंड्याकडची मसाल्याची बाग आणि पणजीचे फोंतान्यास एवढे एका दमात मागतो. मुंबईच्या कुटुंबाला समुद्रकिनारा आणि मासळीचे जेवण हवे असते. एकट्यादुकट्याला वास्कोत मोटरसायकलवाला ‘पायलट’ भेटतो. काळा-पिवळा रंग, मागे एकच माणूस. सामान असेल तर मात्र पंचाईत.

भाड्यावरून तक्रारी होतात आणि त्या खोट्या नाहीत. ओला-उबेरला गोव्यात पाय रोवता आले नाहीत. २०१८ मध्ये ‘गोवा माइल्स’ हे ॲप आले, त्यालाही स्थानिक टॅक्सीवाल्यांनी कडवा विरोध केला. मीटरचा वाद तर वर्षानुवर्षे चालू आहे. बाहेरच्याला ही सरळ मक्तेदारी वाटते, आणि मलाही ती बरीचशी तशीच वाटते. पण चालकाच्या जागी बसून हिशेब केला की दुसरी बाजू कळते. पणजीला सोडलेला प्रवासी परत येईलच असे नाही. रिकामी गाडी बंदरावर आणायची ती स्वतःच्या डिझेलवर. गाडी बहुतेकदा स्वतःची, कर्जावर घेतलेली. जहाज काही रोज येत नाही, हप्ता मात्र दरमहा येतो. एका बाजूच्या भाड्यात दुसरी बाजू मिसळलेली असते ती यामुळे. हे प्रवाशाला आधी सांगितले तर निम्मी भांडणे मिटतील. सांगत कोणी नाही.

सगळ्यात मोठी धास्ती परतीची. जहाज आपल्या सहलीच्या बससाठी थांबते, स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्या प्रवाशासाठी थांबत नाही. सायंकाळी ठरल्या वेळी शिडी उचलली की संपले. त्या वेळेचा शत्रू पूर्वी झुआरी नदी होती. कुठ्ठाळी आणि आगशीच्या मध्ये आधी फेरीबोट, मग १९८३ चा पूल. तो थकला तसे अवजड वाहनांवर निर्बंध आले, आणि तिथे अडकलेल्या गाडीत बसून घड्याळ पाहणे हा एक स्वतंत्र छळ होता. नव्या केबल-स्टेड पुलाची पहिली बाजू डिसेंबर २०२२ मध्ये उघडली, दुसरी वर्षभराने. आता परतताना आगशीला पोचलेला चालक पूर्वीइतका घाम पुसत नाही. तरीही शहाणा चालक तासभर राखूनच निघतो, कारण जहाज चुकलेला प्रवासी म्हणजे रात्रीची नसती ब्याद.

जून उजाडला की क्रूझचा हंगाम संपलेला असतो. गाडी गॅरेजात जाते, नाहीतर दाबोळी विमानतळाच्या रांगेत उभी राहते. श्रावणात वास्कोत दामोदराचा सप्ताह बसतो: चोवीस तास अखंड भजन आणि भोवती जत्रेने भरलेले रस्ते. ही शंभर वर्षांहून जुनी परंपरा जहाजाच्या प्रवाशाला कधी दिसत नाही. तो येतो तेव्हा सप्ताह नसतो, सप्ताह असतो तेव्हा जहाज नसते. तसेही वास्को पाहायचे म्हणून गाडी थांबवा असे त्यांच्यापैकी सहसा कोणी म्हणत नाही. बंदराला सगळ्यात जवळचे गाव तेच, आणि सगळ्या गाड्या ते मागे टाकूनच पुढे जातात.