सुटका झाली, पुढची तारीख कधी?

सकाळी ६.१५

गोवंडीत कैद्यांच्या घरभेटीला जायचं तर पाण्याच्या वेळेला. पाणी गेलं की बायका चेंबूरच्या सोसायट्यांत कामाला निघतात, पुरुष नाक्यावर जाऊन उभे राहतात आणि दाराला कुलूप लागतं. म्हणून शिवाजीनगरच्या गल्लीत मी भल्या सकाळी पोचते. आज ज्या मावशींकडे आले आहे त्या देवनारच्या डंपिंगवरचं प्लास्टिक वेचून विकतात. मुलगा एकोणीस वर्षांचा, मोबाइल चोरीच्या केसमध्ये आर्थर रोड तुरुंगात. जामीन मंजूर होऊन महिना उलटला, मुलगा अजून आतच आहे.

जामीन झाला म्हणजे माणूस सुटला, असंच बहुतेकांना वाटतं. कोर्टाने १५ हजारांचा जामीनदार मागितला आहे. म्हणजे मुंबईचं रेशनकार्ड हवं, पगाराची स्लिप किंवा मालमत्तेचा कागद हवा, आणि वर दुसऱ्याच्या मुलासाठी कामाचा खाडा करून कोर्टात उभं राहायची तयारी हवी. मावशींचं रेशनकार्ड जालन्याकडच्या गावचं. घर भाड्याचं, करार तोंडी. शेजारी जिवाला जीव देणारे आहेत, पण पगाराची स्लिप अख्ख्या गल्लीत कोणाकडे नाही.

चटईवर बसून मी विचारत जाते, लिहीत जाते. इथे कधीपासून राहता? कमावणारं कोण? मुलगा कितवीपर्यंत शिकला? मावशी पत्र्याच्या पेटीतून एकेक कागद काढतात. शाळेचा दाखला, धाकटीचं लसीकरणाचं कार्ड, विजेच्या मीटरची जुनी पावती.

"ताई, ह्ये बी लागंल का?"

"लागेल मावशी. सगळं द्या, मी फोटो काढून परत करते."

गावच्या रेशनकार्डावर अडणारी ही काही पहिली केस नव्हे. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच्या केसच्या निकालात गरिबाच्या जामिनाचा प्रश्न मुळापासून मांडला. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, ३१ जानेवारी २०२३ ला, त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की स्थानिकच जामीनदार हवा हा आग्रह सुटकेच्या आड येतो. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, कैद्याच्या घरची परिस्थिती तपासायची व्यवस्था व्हायची, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. मावशींच्या घरात मी जे लिहून घेते ते त्यासाठीच. न्यायाधीशांना हे घर कधी दिसणार नाही, म्हणून ते कागदावर नीट उतरायला हवं.

सकाळी ८.३०

कैद्यांसाठी आणि सुटून आलेल्यांसाठी चालणारं आमचं केंद्र म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि एक मोठी डायरी. डायरीत फक्त तारखा. कोणाची, कुठल्या कोर्टात, कशासाठी. सुटून आलेले दोघेतिघे कामावर जाता जाता डोकावतात. एकाला बँकेत खातं उघडायचंय, पण आधारला जोडलेलं सिम तो आत असताना बंद पडलं, आणि जुना फोन मुद्देमाल म्हणून पोलिसांकडे जमा आहे. दुसऱ्याची बायको परत आली, एवढंच सांगायला तो आला होता. चहा घेऊन गेला.

सकाळी १०.३०

कुर्ल्याला गाडी बदलून चिंचपोकळी, तिथून चालत सात रस्ता. आर्थर रोडच्या गेटवर फोन जमा करायचा, नोंद करायची, झडती द्यायची. आत गेल्यावर वही आणि पेन, एवढंच आपलं.

या तुरुंगाची अधिकृत क्षमता बरीच वर्षं ८०४ होती आणि आत कितीतरी पट माणसं असत. बहुतेक सगळे कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. देशभर हेच चित्र आहे. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातली ४ लाख ३४ हजार कच्ची. चारातले तीन जण शिक्षा न होताच कोंडलेले.

मला भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न कायद्याच्या पुस्तकातले नसतात. माझी तारीख कधी आहे? मागच्या वेळी पार्टी, म्हणजे न्यायला पोलीस, मिळाली नाही म्हणून कोर्टात नेलंच नाही, मग काय झालं? घरी फोन लावून सांगाल का मी कुठे आहे ते? एक जण नंबर पाठ म्हणून दाखवतो आणि शेवटचे दोन आकडे त्याला आठवत नाहीत. रडकुंडीला येतो. मी गल्लीची खूण विचारते. मशिदीसमोरची पिठाची गिरणी. पुरे, शोधता येईल.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम ४७९ बद्दल आतल्या मुलांनी एकमेकांकडून ऐकलेलं असतं. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेला असेल आणि त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ त्याने आत काढला असेल, तर त्याला सोडायचं. बाकीच्यांना निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते जुन्या केसनाही लागू केलं. अर्ज करण्याची जबाबदारीही तुरुंग अधीक्षकांवर टाकली आहे, हे फार चांगलं झालं. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात म्हटलंय की एकाहून जास्त केस चालू असतील तर ही सवलत नाही. आणि आमच्या वस्तीतल्या मुलांवर एकच केस क्वचित असते. एकदा नाव रजिस्टरला लागलं की आसपास काही घडलं तर आधी त्यालाच उचलतात. मग चॅप्टर केस, म्हणजे नीट वागण्याची लेखी हमी, मग तडीपारीची नोटीस. श्रीमंताच्या मुलावर एक मोठी केस असते आणि गरिबाच्या मुलावर चार छोट्या, आणि या कायद्यापुढे त्या चार छोट्याच जड पडतात. हे पोटकलम बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे, आणि प्रत्येक बैठकीत मी ते मांडते.

दुपारी १.४५

कुर्ला कोर्ट. आवारात भाडोत्री जामीनदार सहज भेटतात. पैसे घेऊन, बनावट कागदांवर, न पाहिलेल्या माणसाची हमी देणारे. ज्या आईकडे खरा जामीनदार नाही तिला हा रस्ता कोणीतरी दाखवतोच, आणि पुढे ते कागद खोटे निघाले की मुलावर आणखी एक केस. मावशींना मी पहिल्या भेटीतच बजावलं होतं, काहीही झालं तरी कोणाला पैसे द्यायचे नाहीत.

मावशींच्या मुलाच्या वकील विधी सेवा प्राधिकरणाच्या. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीतल्या प्रत्येकाला फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्नाचा दाखला न देता. पण त्यांच्या हातात एका दिवशी इतक्या फाइली असतात की घरची माहिती काढायला त्या जाणार कधी? ती आम्ही आणून द्यायची, त्यांनी मांडायची. आज त्यांनी अहवाल पुढे ठेवला आणि जामीनदाराशिवाय, जातमुचलक्यावर सोडण्याची विनंती केली. दंडाधिकाऱ्यांनी मावशींना पुढे बोलावून विचारलं, किती वर्षं राहता इथे? मावशी म्हणाल्या, "ह्यो पोटात होता तवापासून." सरकारी वकिलांनी फारसा विरोध केला नाही. अर्ज मंजूर झाला.

मावशींना आजच मुलगा हवा होता. पण मुचलका भरायचा, आदेशाची प्रत तयार व्हायची, ती आर्थर रोडला पोचायची. तिथली जामिनाच्या आदेशांची पेटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास शेवटची उघडते. त्यानंतर आलेला कागद दुसऱ्या दिवसावर जातो. मी त्यांना म्हटलं, उद्या येईल, उद्या आपण दोघी गेटवर जाऊ. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, उद्या किती वाजता?

दुपारी ४.००

मानखुर्दला बाल कल्याण समितीपुढे एक पारधी बाई आहे. भायखळ्याच्या तुरुंगातून सुटून आली. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकतं. हिचा मुलगा सात वर्षांचा, त्यामुळे तिला अटक झाली तेव्हा तो बालगृहात गेला. आता तिला तो परत हवाय. समिती विचारते, घर कुठे? समितीचंही बरोबर आहे, मूल कुठे पाठवतोय हे त्यांना बघावंच लागतं. पण ही बाई पुलाखाली राहते. तिच्या आईचा जन्मदाखला नाही, तिचा नाही, मुलाचा बालगृहात गेल्यावर तयार झाला.

इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्या यादीत पारधीही आले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. पण सिग्नलवर फुलं विकणाऱ्या पारधी बाईकडे पोलीस आजही ज्या नजरेने बघतात, ती त्याच कायद्याने शिकवलेली आहे. आजोबा हजेरी द्यायचे, नातीला अटक होते, आणि मधल्या सगळ्या काळात एकही सरकारी कागद या घरापर्यंत पोचलेला नसतो. तुरुंगाचे सोडून.

आज ठरलं ते असं. तिने एका महिला आधारगृहात राहायचं, दर आठवड्याला मुलाला भेटायचं, तोवर आम्ही भाड्याची खोली आणि जातीचा दाखला यांच्या मागे लागायचं. बाहेर पडताना मुलाने तिला वहीतला 'क' काढून दाखवला. तिला वाचता येत नाही. तिने तो बराच वेळ निरखला.

संध्याकाळी ६.४५

पुन्हा सात रस्ता. चोरीची शिक्षा भोगून आज एक जण सुटला. बावीस वर्षांचा. हातात प्लास्टिकची पिशवी, पायात कोणाची तरी चप्पल. रस्ता ओलांडताना गाड्यांकडे बघून थबकतो.

या कामात मला सर्वांत जास्त चिंता असते ती या दोन-तीन तासांची. गेटच्या समोर बाइकवर दोन ओळखीचे उभे होते. जुने साथीदार. खायला घालतील, कपडे देतील, झोपायला जागा देतील, आणि महिन्याभरात त्याची परतफेड मागतील. त्या पोरांना मी वाईट म्हणत नाही. त्याच्यासाठी गेटवर यावं असं दुसऱ्या कोणाला वाटलंच नाही. म्हणून आम्ही जातो. जेवण, तिकिटाचे पैसे, घरी एक फोन. त्याच्या भावाने फोनवर स्पष्ट सांगितलं, दोन दिवस ठेवतो, नंतरचं बघा. त्याच्याही घरात सहा माणसं आहेत. दोन दिवस हे खूप आहेत. मी त्याचे आभार मानले.

मग काम. सिक्युरिटीच्या नोकरीला चारित्र्य पडताळणी लागते, डिलिव्हरीच्या कंपन्याही मागची चौकशी करतात. त्यात पत्ता शिवाजीनगर, गोवंडी. एम पूर्व वॉर्ड हा मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरात तळाला होता. शहराचा कचरा १९२७ पासून इथे येऊन पडतो. वस्त्या हटवून माणसंही इथेच आणून टाकली. १९७६ मध्ये अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी पाडून तिथली कुटुंबं चीता कॅम्पला हलवली. एवढं सोसलेल्या वॉर्डातला पोरगा काम मागायला गेला की पत्ता बघूनच त्याला नाही म्हणतात.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'प्रयास' या प्रकल्पाने, जो १९९० मध्ये सुरू झाला, एक चांगली वाट घालून दिली आहे. सुटलेल्या तरुणाला थेट बाजारात न पाठवता आधी एखाद्या सामाजिक संस्थेत शिकाऊ म्हणून ठेवायचं, विद्यावेतन द्यायचं. वेळेवर येणं, साहेबाचं ऐकून घेणं, महिनाअखेर पैसे पुरवणं याची सवय होते, आणि पुढच्या मालकाला दाखवायला अनुभवाचं पत्र मिळतं. आम्हीही तेच करतो. हा मुलगा सोमवारपासून एका पोळीभाजी केंद्रात जाईल. तिथल्या काकूंना त्याची केस माहीत आहे. त्यांनी फक्त विचारलं, पहाटे पाचला उठेल ना?

रात्री ९.१५

डायरी उघडून उद्याच्या तारखांचे निरोप पाठवते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आवाजात. हे काम मी कोणावर सोपवत नाही. तारीख चुकली की वॉरंट निघतं, वॉरंट निघालं की पोलीस रात्री दारावर येतात, आणि सुटलेला माणूस पुन्हा त्याच गेटमधून आत जातो. गुन्हा करून परत गेलेल्यांपेक्षा तारीख चुकवून परत गेलेले मला जास्त भेटले आहेत. यातल्या बहुतेकांना खाडा परवडत नव्हता, एवढंच कारण.

उद्या किल्ला कोर्टात तारीख असलेल्या एकाचं उत्तर आलं. ताई, स्लॅबचं काम आहे, ठेकेदार हजेरी कापेल. मी लिहिलं, वकील मॅडमना सांगते, पुकारा झाल्याबरोबर तुझं घेतील. ठेकेदाराला अर्ध्या दिवसाचं विचार. थोड्या वेळाने फोन वाजला.

"चालंल बोलला, ताई. आधार आणू का?"

"आण. आणि मागच्या तारखेची चिठ्ठीपण आण. साडेदहाला गेटवर ये, मी तिथेच आहे."