बुडालं ते बियाणं, तरंगलं ते पळंज



रोहिणी नक्षत्र लागलं की भाताच्या रोपवाटिकेची गडबड सुरू होते. कणगीतलं घरचं बियाणं बाहेर निघतं. सुपात घेऊन कितीही पाखडलं, तरी वरून पिवळेधमक पण आतून अर्धेच भरलेले काही दाणे राहूनच जातात. असा दाणा एक तर उगवत नाही, नाहीतर त्याचं रोप मरतुकडं निघतं. मग ऐन लावणीत रोप कमी पडतं आणि शेजाऱ्याकडे मागत फिरायची पाळी येते. तेव्हा पेरण्याआधीच हा दाणा ओळखायचा कसा? इथे घनता कामाला येते.

वजन वेगळं, माप वेगळं

एक पायली भरदार भात घ्या आणि एक पायली पळंज घ्या. माप सारखंच आहे. पण तराजूत घातलंत तर भरदार भाताचं पारडं लगेच खाली जाईल. वस्तू जेवढी जागा व्यापते ते तिचं आकारमान. तिच्यात माल किती आहे ते वस्तुमान. तेच आपण तराजूवर किलोत मोजतो. वस्तुमानाला आकारमानाने भागलं की येते ती घनता.

१ लिटर पाणी १ किलो भरतं, म्हणून पाण्याची घनता १ धरतात. पाण्याहून जास्त घनतेची वस्तू बुडते, कमी घनतेची तरंगते. म्हणूनच लहानसा खडा तळाला जातो आणि मोठा ओंडका वर राहतो. हा नुसत्या वजनाचा खेळ नाही.

पोचट दाण्याचं टरफल भरल्या दाण्याएवढंच असतं, पण आत तांदळाच्या जागी हवा असते. आकारमान तेच, वस्तुमान कमी. म्हणून तो तरंगतो.

कोणी विचारील, “लिटरच्या मापात भात ६०० ग्रॅमच्या आसपासच भरतं, मग ते पाण्यात बुडतं कसं?” प्रश्न बरोबर आहे. मापात दाण्या-दाण्यांच्या मधे हवा असते. पाण्यात टाकल्यावर त्या फटींत पाणी शिरतं आणि प्रत्येक दाण्याची स्वतंत्र परीक्षा होते. भरलेला दाणा पाण्याहून जड असतो.

मीठ कशासाठी?

साध्या पाण्यात पार पोकळ दाणे तरंगतात, पण अर्धवट भरलेले काही दाणे बुडून आपल्याला फसवतात. पाण्यात मीठ विरघळलं की पाण्याचं माप थोडंसंच वाढतं, वजन मात्र त्याहून जास्त वाढतं. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घातलं की घनता सुमारे १.०२ होते. एवढ्या फरकानेही ते फसवे दाणे वर येतात.

कृती

१. पसरट भांड्यात १० लिटर पाणी घेऊन ३०० ग्रॅम मीठ टाका. मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. नाहीतर पाणी तळाला जड आणि वर हलकं राहील.

२. बियाणं थोडं थोडं सोडा आणि हाताने चांगलं ढवळा. चांगल्या दाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले असतील, तर तेही तरंगतो. ढवळल्याने ते सुटतात.

३. पाणी स्थिर झालं की तरंगणारे दाणे लगेच काढा. फार वेळ ठेवलं तर पोचट दाणे पाणी पिऊन बुडतील.

४. तळाचं बियाणं स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा. अंगाला मीठ राहिलं तर उगवण बिघडते. मग सावलीत २४ तास वाळवा.

५. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते यानंतर, शिफारशीच्या प्रमाणात लावा.

पिशवीतल्या बियाण्याला आधीच रंगीत औषध लावलेलं असेल, तर ते या पाण्यात घालू नका. औषध धुऊन जाईल. असं औषध लावलेलं बियाणं माणसांना किंवा गुराढोरांना खायलाही देऊ नका.

बंधूंनो, खर्च फक्त मुठी-दोन मुठी मिठाचा आणि एका सकाळचा आहे. यंदा रोपवाटिका टाकण्याआधी एक पायली बियाणं तरी असं तपासून पहा. वर किती दाणे येतात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तेवढे दाणे आजवर आपण वाफ्यात टाकून रोपांची वाट पाहत होतो!