विश्लेषण : केदारनाथला निघताना रजेचा हिशेब का चुकतो?

उन्हाळ्याची सुटी लागली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून केदारनाथला निघणाऱ्यांची लगबग सुरू होते. सोसायटीतील गट, भजनी मंडळे, यात्रा कंपन्यांबरोबर जाणारे ज्येष्ठ नागरिक असे सारेच त्यात असतात. तिकिटे, स्वेटर, रेनकोट यांची तयारी चोख असते. मात्र खाडीकाठी राहणाऱ्या शरीराला उंचीची सवय होण्यासाठी लागणारे दिवस अनेकदा वेळापत्रकातच नसतात. चार-पाच दिवसांच्या रजेत यात्रा बसवण्याची ही घाई जिवावर बेतू शकते.

केदारनाथ नेमके किती उंचावर?

मंदिर समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटर उंचीवर आहे. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे, म्हणजे केदारनाथ त्याच्या दुपटीहून उंच. कल्याणकरांच्या ओळखीचा मलंगगड तर हजार मीटरही भरत नाही. गाडीरस्ता संपतो ते गौरीकुंड सुमारे १,९८० मीटरवर आहे. तेथून सुमारे १६ किलोमीटरच्या पायवाटेत यात्रेकरू आणखी १,६०० मीटर वर चढतो, तेही बहुधा एकाच दिवसात.

त्रास कशामुळे होतो?

हवेतील प्राणवायूचे प्रमाण वरही २१ टक्केच असते, पण हवेचा दाब कमी होतो. केदारनाथला प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू डोंबिवलीच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश भरतो. शरीर या बदलाशी जुळवून घेते, पण त्याला वेळ लागतो. म्हणूनच ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असे गिर्यारोहणातील वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्व सांगते. उत्तराखंड सरकारच्या आरोग्य सूचनांमध्येही यात्रा किमान सात दिवसांची आखण्याचा सल्ला आहे.

तंदुरुस्त असल्यास धोका नाही?

हा मोठा गैरसमज आहे. रोज चालण्याचा, जिने चढण्याचा सराव असेल तर पाय आणि दम टिकतो, पण विरळ हवेचा त्रास धडधाकट तरुणालाही होऊ शकतो. उलट, दमदार माणूस भराभर चढतो आणि अडचणीत येतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब, दमा, मधुमेह असलेल्यांनी आणि ज्येष्ठांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. उंचीच्या त्रासावरील गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने घ्याव्यात. कापराची पुडी हुंगल्याने तरतरी वाटते, पण त्याने रक्तातील प्राणवायू वाढत नाही.

घोडा किंवा हेलिकॉप्टर हा उपाय आहे का?

त्याने पायांचे श्रम वाचतात, उंची कमी होत नाही. फाटा, सिरसी, गुप्तकाशी येथून हेलिकॉप्टर काही मिनिटांत वर पोहोचते, त्यामुळे सवय व्हायला वेळच मिळत नाही. हवामान बिघडले की उड्डाणे रद्द होतात. १५ जून २०२५ रोजी गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जणांचा मृत्यू झाला होता. सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रोपवेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली. तो झाल्यावर प्रवास ३६ मिनिटांचा होईल, शरीराची गती मात्र तीच राहील. हेलिकॉप्टरची तिकिटे आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरूनच काढावीत. बनावट संकेतस्थळांवरून फसवणुकीचे प्रकार वारंवार घडले आहेत. यात्रेसाठी नोंदणीही बंधनकारक आहे.

मग आखणी कशी करावी?

हरिद्वार किंवा ऋषिकेशहून थेट गौरीकुंड गाठून दुसऱ्या पहाटे चढाई सुरू करण्याऐवजी एक रात्र गुप्तकाशीत आणि एक रात्र सोनप्रयाग किंवा गौरीकुंडला काढावी. चढताना जंगलचट्टी, भीमबली, लिनचोली येथे विसावा घ्यावा. पाणी पीत राहावे, मद्य टाळावे. पावसाळ्यात दरडींमुळे रस्ते बंद पडतात. त्यामुळे परतीच्या तिकिटाआधी एक मोकळा दिवस हाताशी ठेवावा.

परत कधी फिरावे?

डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही पहिली लक्षणे. ती दिसताच तेथेच थांबावे आणि आराम करूनही बरे वाटले नाही तर खाली उतरावे. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ ही फुप्फुसात पाणी होण्याची किंवा मेंदूला सूज आल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी वैद्यकीय मदत मागून रुग्णाला लगेच खाली नेणे हाच खरा उपचार. वेदनाशामक गोळी देऊन ‘आता जवळच आलंय’ म्हणत पुढे नेणे घातक ठरते. गटाने हे निघण्यापूर्वीच ठरवावे की एकाला त्रास झाला तर त्याच्याबरोबर दुसरा कोणीतरी खाली उतरेल. भाऊबीजेला बंद होणारे मंदिराचे दरवाजे पुढच्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुन्हा उघडतात. राहिलेले दर्शन तेव्हाही घेता येते.