पडक्या शहरांचे वाटाडे

दिल्लीत गावाकडचे पाहुणे येणार म्हटलं की मराठी घरांतला बेत ठरलेला असायचा. सकाळी लाल किल्ला आणि राजघाट, ऊन उतरल्यावर कुतुबमिनार, दुसऱ्या दिवशी पहाटे आग्रा. ऐंशीच्या दशकात करोलबाग, पहाडगंज, रामकृष्णपुरम, कुठल्याही वस्तीत हेच चालायचं. कुतुबकडे जाताना बसच्या खिडकीतून दोन्ही अंगांना घुमट, कमानी, ढासळलेल्या भिंती दिसत राहायच्या. हे काय, असं कुणी विचारलंच तर उत्तर मिळायचं, ‘असंच काहीतरी जुनं.’ गेल्या चाळीसेक वर्षांत त्या पडक्या भिंतींना नावं मिळाली, सनावळी मिळाली, माणसं मिळाली. ही कामगिरी मला पुस्तकांइतकीच पायी हिंडवून आणणाऱ्यांची वाटते.

तसे दिल्लीला वाटाडे नवे नाहीत. सय्यद अहमद खान इथे मुन्सफ होते, तेव्हा १८४७ मध्ये त्यांनी ‘आसार-उस-सनादीद’ हा दिल्लीच्या जुन्या इमारतींचा ग्रंथ उर्दूत काढला. कुतुबमिनारावरचे उंचावरचे लेख खालून वाचता येईनात. मग दोन बल्ल्यांच्या मध्ये शिंकं टांगून ते त्यात बसायचे आणि अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायचे. खाली उभे असलेले त्यांचे स्नेही इमामबख्श सहबाई भीतीने पांढरेफटक पडत, असं कवी हाली यांनी सय्यद अहमद यांच्या चरित्रात लिहून ठेवलं आहे. दहाच वर्षांनी सत्तावन्न उजाडलं. सहबाई इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले आणि ग्रंथात वर्णिलेल्या कित्येक इमारती जमीनदोस्त झाल्या. त्यांतल्या काहींची आज फक्त त्या पानांवर भेट होते.

पुढे १९११ मध्ये राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणायचं जाहीर झालं. नवं शहर वसवायचं तर जुन्यातलं काय ठेवायचं, हा प्रश्न उभा राहिला. मौलवी जफर हसन यांनी गावोगाव, शेताशेतांतून फिरून केलेली वास्तूंची यादी १९१६ ते १९२२ या काळात चार खंडांत छापली गेली. दिल्लीवर काम करणाराला आजही तिच्याकडे परतावंच लागतं. स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या वाय. डी. शर्मा यांचं छोटेखानी मार्गदर्शक पुस्तक आलं. पण सामान्य माणूस यादी हातात घेऊन निवडुंगात शिरत नाही. त्याला कुणीतरी बरोबर लागतं.

ते ‘बरोबर येणं’ ऐंशीच्या दशकात सुरू झालं. १९८४ मध्ये इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची स्थापना झाली. ‘हेरिटेज वॉक’ हा शब्द हळूहळू रविवारच्या बोलण्यात आला. नारायणी गुप्तांसारख्या इतिहासकारांनी दिल्ली वर्गाबाहेर आणली. पुढे स्वप्ना लिडल, सोहेल हाशमी, राणा सफवी यांच्यामागून चालणाऱ्यांची रांग लांबत गेली. १९९९ मध्ये इंटॅकने दिल्लीच्या बाराशेहून अधिक वास्तूंची सूची दोन खंडांत प्रसिद्ध केली, आणि आपण रोज ज्या भिंतीला वळसा घालून दूध आणायला जातो ती लोदी काळातली आहे, हे अनेक कॉलन्यांना प्रथमच कळलं.

या सगळ्यात माझं मन मेहरौलीत सर्वाधिक रमतं. १९९७ पासून इंटॅकने इथल्या पुरातत्त्व उद्यानातली झाडोऱ्यात बुडालेली बांधकामं मोकळी करायला घेतली. कुतुबच्या आवारातली मशिदीची उंच कमान साधारण ११९९ची. ती नीट पाहा. स्थानिक गवंड्यांना देवळं बांधायची सवय. त्यांनी दगडाचे आडवे थर एकावर एक, दर थर जरासा पुढे सरकवत रचले आणि वर टोकाला मिळवले. आकार कमानीचा, बांधणी जुनीच. तिथून थोडं चाललं की बल्बनचा मकबरा लागतो, साधारण १२८७चा. वर घुमट नाही, गिलावा गेलेला, भिंती उघड्या. पण दरवाजाच्या कमानीत पाचरीसारखे घडवलेले दगड मध्याकडे रोखलेले आहेत आणि एकमेकांच्या दाबावर उभे आहेत. हिंदुस्थानात टिकून राहिलेली पहिली खरी कमान म्हणून तिचा उल्लेख होतो. या दोन कमानींच्या मध्ये जवळजवळ नव्वद वर्षं, म्हणजे गवंड्यांच्या तीन पिढ्या आहेत. चांगला वाटाडा तुम्हाला दोन्हींखाली उभं करतो आणि काही न बोलता वर बोट दाखवतो. मग राजों की बावलीच्या पायऱ्या, मग सूफी कवी जमालीच्या कबरीच्या खोलीतलं निळं-तांबडं छत. त्या खोलीला कुलूप असतं. चौकीदाराने उघडलं तर ते नशीब.

कुतुबची ती मशीद सत्तावीस देवळांचं सामान वापरून बांधली, हे तिथल्या शिलालेखातच कोरलेलं आहे. ते सांगताना वाटाड्याने आवाज खाली आणू नये आणि चढवूही नये. जुन्या वास्तूंचं सामान नव्यात वापरणं दिल्लीपुरतं नाही; ट्युनिशियात कैरवानच्या थोरल्या मशिदीतले खांब रोमन आणि बायझंटाईन वास्तूंचे आहेत. मोरोक्कोत वोलुबिलिसचे रोमन अवशेष गावाबाहेर मोकळ्यावर आहेत, तर फेजचं जुनं शहर आजही भरल्या घरांनी नांदतं. दिल्लीत मात्र पडीक आणि नांदतं एकाच गल्लीत भेटतं. बेगमपूरच्या तुघलकी मशिदीच्या आत तर १९२०च्या दशकापर्यंत अख्खं गाव राहत होतं.

उत्तर आफ्रिकेचा विषय निघाला की इब्न बतूता आठवतोच. तो टँजिअरचा. १३३४ मध्ये दिल्लीत आला, फारसी धड येत नसताना मुहम्मद तुघलकाने त्याला काजी केलं आणि कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या मकबऱ्याची व्यवस्थाही त्याच्याकडे सोपवली. जुनी दिल्ली, सिरी, तुघलकाबाद, जहाँपनाह या चार नगरांची त्याने केलेली मांडणी आजच्या वॉकचा पायाच आहे. हौज खासच्या भोवती गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची तरबाबाद नावाची वस्ती त्याने नोंदवली. १३४२च्या सुमारास सुलतानाचा वकील म्हणून तो चीनकडे निघाला आणि वाटेत देवगिरी-दौलताबादला थांबला. तिथेही त्याला त्याच नावाची, गाणाऱ्यांचीच पेठ भेटली. नंदुरबारच्या मराठ्यांचं कलाकौशल्य, त्यांचे वैद्य आणि ज्योतिषी यांचीही त्याने दखल घेतली. हौज खासच्या काठावर एखाद्या मराठी कुटुंबाला हे सांगितलं की दिल्ली त्यांना एकदम जवळची वाटू लागते.

वॉक सुरू झाल्यापासून दिल्लीत बरंच बदललं. २०१० मध्ये मेट्रो कुतुबमिनारपर्यंत गेली, २०१७ मध्ये लाल किल्ला आणि जामा मशिदीच्या दारात आली. २०१८ मध्ये सुंदर नर्सरी खुली झाली. २०२० मध्ये साथीमुळे स्मारकांची दारं मार्चपासून जुलैपर्यंत बंद राहिली, तेव्हा लोक पडद्यावर वॉक करत होते. आता तरुण मुलं गोष्टी सांगत, कव्वाली गात, खाऊ घालत फिरवतात. गर्दी वाढली याचा मला आनंदच आहे. पण ३० जानेवारी २०२४ला मेहरौलीची अखूंदजी मशीद पाडली गेली. जफर हसन यांच्या यादीत तिची नोंद होती. यादीत नाव असलं तरी वास्तू वाचतेच असं नाही, हे त्या पहाटेने दाखवलं, आणि ते मला अजून सलतं.

राहता राहिला आपला, मराठ्यांचा ठसा. १७३७ मध्ये बाजीराव कालकादेवीच्या परिसरात येऊन ठाकले. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली आणि फौजेचा खर्च भागेना म्हणून लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून गाळलं. सुमारे नऊ लाख रुपये आले. आज तिथे रंगवलेलं लाकडी छत दिसतं. पुढे महादजींच्या काळात बादशहाचं संरक्षणच शिंद्यांकडे होतं, आणि ११ सप्टेंबर १८०३ला पटपडगंजच्या लढाईत दौलतरावांची फौज हरल्यावर ते इंग्रजांकडे गेलं. त्या लढाईचा स्तंभ नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आवारात आहे. सहज आत जाता येत नाही, आणि शेजारच्या सेक्टरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही त्याची फारशी कल्पना नसते.

पानिपताच्या आठवणीने आपला कंठ दाटतो, आणि तो दाटावाच. पण छत गाळल्याची गोष्ट आपल्याच माणसांसमोर सांगताना आपण गडबडीने पुढे सरकतो. देवळांचे खांब दाखवणाऱ्याने चांदीचं छतही दाखवलं पाहिजे, आणि भाऊंच्या गोटात पैशांची किती ओढाताण होती हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे. मराठ्यांचा ठसा असलेल्या या जागा जोडणारा, मराठीतून चालणारा एक मार्ग दिल्ली आणि नोएडातल्या मराठी मंडळांनी आखावा. गोल्फ कोर्सची परवानगी आधी काढून ठेवावी, आणि चालायला सुरुवात दिवाण-ए-खासमध्ये, त्या लाकडी छताखाली करावी.